तळाला कडक, वर वाळा

दत्तोबा आमच्या पडवीत भाड्याने राहायला आला तेव्हा त्याच्याजवळ एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि एक पितळी तांब्या एवढंच होतं. साल पंचावन्न, दसऱ्याच्या आसपासचे दिवस. पिंपरीला औषधाचा कारखाना सुरू झाला होता आणि आकुर्डीतल्या आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या दारात बाहेरगावची माणसं खोली विचारत यायला लागली होती. मीही त्याच कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात लागलो होतो. दत्तोबा माझ्याच शिफ्टला. बीडकडचा माणूस, चाळिशी उलटलेला, उंच, किडकिडीत, आणि बोलणं इतकं मऊ की समोरच्याला आपणच उगीच ओरडतोय असं वाटावं.

या माणसाबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणजे माझंही सांगावं लागतं, आणि त्याची मला लाज वाटते. आता वय झालं, लाज काही कमी झाली नाही.

मी तोंडाचा फटकळ. आमच्या घरात तो गुणच समजला जायचा. ‘मालोजी मनात काही ठेवत नाही,’ असं माझी आई चारचौघांत कौतुकाने सांगायची. मनात ठेवायच्या गोष्टीही मी ठेवत नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही फार उशिरा आलं.

दत्तोबाला हवं होतं ते फक्त दोन गुंठे. त्याची बायको मंजुळाबाई गेवराईकडे भावाच्या घरी, भावजयीच्या हाताखाली दिवस काढत होती. “तिला आणायचं तर आपल्या घरात आणायचं,” तो म्हणायचा. “भाड्याच्या खोलीत न्हाई आणायचो. लग्न झाल्यापासून ती दुसऱ्याच्याच घरात राहायली.” पगारातून तो काटकसरीने शिल्लक टाकत होता. अडचण पैशाची नव्हती, आबाजींची होती.

आबाजी म्हणजे आमच्या आळीतले वडीलधारे. ओढ्याकडेची पट्टी त्यांची. कारखाना आल्यावर त्या पट्टीला गिऱ्हाईकं यायला लागली, पण आबाजी भल्याभल्यांना हात हलवत परत पाठवत. बाहेरच्याला जमीन द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. बाहेरचा कोण आणि आतला कोण, हे ठरायचं त्यांच्या ओट्यावर. रोज उन्हं उतरली की ओट्यावर घोंगडी पडायची, मधे हुक्का यायचा आणि आम्ही पाच-सहा जण भोवती बसायचो. नळी आबाजींपासून सुरू व्हायची आणि उजव्या हाताने फिरायची. ज्याच्या हातात ती नळी रोज येते तो आपला. त्याच्याशी बोललेला शब्द आबाजी मोडत नसत. कागद नंतर व्हायचा.

उजवीकडची पहिली जागा माझी होती. आबाजींच्या तोंडची नळी थेट माझ्या हातात यायची. वयाने मी त्या बैठकीत सगळ्यांत लहान, पण माझे वडील त्यांचे जिवलग होते म्हणून ती जागा मला मिळालेली. तिचा मला किती अभिमान होता ते मला तेव्हा कळत नव्हतं.

दत्तोबाला ओट्यावर मीच नेलं. आबाजींनी आधी त्याची सगळी चौकशी केली. गाव कुठलं, आडनाव काय, सोयरे कोण. जातीने, कुळाने आमच्यातलाच निघाला. आधी काय करत होतात, असं विचारल्यावर तो म्हणाला, “एका देशमुखाच्या देवडीवर कारकून होतो. पोलीस ॲक्शननंतर देवडीच राहिली न्हाई.” आबाजींनी मान डोलावली आणि त्याला शेवटच्या जागेवर बसवलं. त्याच्यापर्यंत नळी आली तेव्हा त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि क्षणभर नुसतीच धरून ठेवली. मला वाटलं, माणूस बुजलाय.

आबाजींचा गुडाखू, म्हणजे हुक्क्यात घालायची ती गुळातली तंबाखू, चाकणच्या बाजारातून यायचा. ओढला की घसा खरवडून निघायचा. आम्ही खोकायचो, डोळे पुसायचो आणि झकास म्हणायचो. घरी परतताना दत्तोबाने ओटा मागे पडू दिला. मग हळूच म्हणाला, “मालोजीराव, तंबाखू वाईट न्हाई बरं का. तिला भाजायलेत. कच्ची काकवी घातलीय आन् निखारा थेट वर ठेवलाय. ओढायची चीज हाय ती, जाळायची न्हवं.”

पुढच्या रविवारी तो चाकणला गेला आणि पानतंबाखूची जुडी घेऊन आला. पडवीत घोंगडं पसरून त्याने तंबाखू निवडायला घेतली. शिरा काढल्या, पानं हाताने चुरली, चाळणीतून चाळली. काकवी मंद आचेवर आटवून फेस काढून टाकला आणि गार होऊ दिली. मग तंबाखूत ती काकवी आणि काळी पडलेली केळी घालून कणीक तिंबावी तसा गोळा तिंबला. वरून वेलदोड्याची पूड. गोळा मडक्यात भरला, तोंडाला फडकं बांधून वर माती लिंपली आणि मडकं आमच्या उकिरड्याच्या उबेत पुरून ठेवलं. माझी बायको शालन म्हणाली, हा माणूस वेडा आहे की काय.

वीस-पंचवीस दिवसांनी त्याने मडकं काढलं तेव्हा शालनही वास घ्यायला वाकली. तो कडक गुडाखू झाला. दुसरा त्याने वेगळा केला. त्यात तंबाखू बेताची, वाळ्याची बारीक पूड, सुकवलेल्या गुलाबपाकळ्या आणि चिमूटभर बडीशेप. हा मुरवायचा नाही, ताजाच वापरायचा.

“आता नीट बघा,” तो म्हणाला. माझ्या वडिलांचा जुना हुक्का माळ्यावर होता, तो मी काढून दिला होता. हुक्क्याच्या वरच्या मातीच्या चिलमीत त्याने आधी कडक गुडाखू सोडला, बोटांनी मोकळा करत. त्यावर वाळ्याचा पातळ थर. “दोन्ही एकत्र कालवायचे न्हाईत. कालवले की दोघांचाबी नास. तळाला कडक, वर वाळा. पहिल्यांदा वास येतो, मग गोडी, मग तंबाखू. उन्हाळ्यात वाळा जास्ती, थंडीत कमी. आन् बोटानं दाबायचं न्हाई, खालून हवा खेळाया पायजे.” त्यावर त्याने खापराची गोल ठिकरी ठेवली आणि ठिकरीवर बाभळीचे दोन निखारे. मी ओढलं. खोकला नाही, आग नाही. धूर इतका गार आला की मी नळीकडे बघत राहिलो.

“दत्तोबा, हे कुठं शिकला तुमी? कारकुनाला हे कसं येतंय?”

तो निखारे सारखे करत राहिला. मग म्हणाला, “तुमास्नी सांगतो. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. कारकून न्हवतो मी. बाराव्या वर्षापासून देशमुखाच्या बैठकीत हुक्का भरायला होतो. बावीस वर्सं. भरायचा, पेटवायचा, नळी पुसून द्यायची आन् मागं सरून उभं ऱ्हायचं. बैठक उठंस्तोवर उभं. इतकी वर्सं भरला, पर बसून एक झुरका घेतला न्हाई. त्या दिशी तुमच्या ओट्यावर बसलो ना, ते पहिल्यांदा.”

मी त्याला वचन दिलं. देवाची शपथ घेऊन दिलं. गुडाखू दत्तोबाच्या सासुरवाडीहून, बीडकडून येतो असं सांगायचं ठरलं.

आबाजींनी पहिला झुरका घेतला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, “आरं, ह्येला म्हंत्यात हुक्का! आमी इतकी वर्सं काय शेणी वढत हुतो का?” चिंचवडपर्यंत ‘बीडच्या तंबाखू’चा बोलबाला झाला. कोण पाहुणा आला की आबाजी मुद्दाम हुक्का मागवायचे. त्यांचा गडी गेनू भरायचा. कुणाला शंका येऊ नये म्हणून दत्तोबा मला शिकवायचा आणि मी गेनूला सांगायचो. गेनू कधी बरं भरायचा, कधी बिघडवायचा. बिघडला की दत्तोबाच्या बोटांची चुळबुळ सुरू व्हायची, मग तो हात मांडीखाली दाबून बसायचा. हे मीच पाहत होतो.

हळूहळू त्याची जागा वर सरकली. आबाजींपासून चौथी, मग तिसरी. संक्रांतीच्या सुमारास एके दिवशी आबाजी मला म्हणाले, “मालोजी, जरा सरक रं. दत्तोबाला हितं बसू दे.” मी सरकलो. आबाजींच्या तोंडची नळी त्याच्या हातात गेली आणि त्याच्याकडून माझ्याकडे आली. वर आबाजी म्हणाले, “बोलावं कसं, बसावं कसं, ह्येच्याकडनं शिक जरा.” सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन शालनवर मीठ जास्त पडल्याचं निमित्त करून ओरडलो.

जेवतो माझ्या घरात, राहतो माझ्या पडवीत, ओट्यावर मी नेला, आणि आता मी याच्या खाली बसायचं! असं मला रोज वाटायचं. दत्तोबाला ते कळलं असावं, कारण तो दोनदा म्हणाला, “मालोजीराव, तुमी बसा वर. मला कुठंबी चालतंय.” त्याचा मला जास्तच राग आला. वर मोठेपणा दाखवतोय, असं वाटलं. मत्सर झालेल्या माणसाला कशानेही बरं वाटत नाही.

फाल्गुनात आबाजींनी शब्द टाकला. “अखितीला चिंचवडचे उद्धवराव येणार हायेत. चार माणसांदेखत दत्तोबाला ओढ्याकडंचे दोन गुंठे दिले म्हणून सांगतो. मग कागुद करू.” त्या रात्री दत्तोबाने माझ्याकडून मंजुळाबाईला पत्र लिहून घेतलं. त्याला लिहिता येत नव्हतं. कारकून म्हणे! मी लिहीत होतो आणि मनात हेच घोळवत होतो. पत्रात त्याने लिहायला लावलं, ‘घराचं तोंड पूर्वेला करू. चूल तुझ्या मर्जीनं मांड.’

अक्षय तृतीया आली. उद्धवराव छकड्यातून आले, जरीचा फेटा बांधून. ओट्यावर माणसं दाटली. दत्तोबा धुतलेलं धोतर, नवा सदरा घालून आबाजींच्या उजवीकडे बसला होता. आमरसाचं जेवण झालं होतं, ऊन खाली येत होतं. आबाजींनी हुक्का मागवला.

गेनूने त्या दिवशी घोळ घातला. पाहुणे आलेत म्हणून घाईत दोन्ही गुडाखू एकत्र कालवले, वर दाबून भरले आणि ठिकरी ठेवायची विसरला. उद्धवरावांनी ओढलं आणि त्यांना असा ठसका लागला की फेटा सुटतो की काय असं झालं. जळक्या गुळाचा वास ओट्यावर पसरला. आबाजींचं तोंड उतरलं. ज्याचं इतकं कौतुक सांगितलं त्याची ही गत. गेनू हुक्का उचलून उगीच फुंकायला लागला आणि राख सगळ्यांच्या अंगावर उडाली.

आणि दत्तोबा उठला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याने गेनूच्या हातातून हुक्का घेतला, चिलीम उतरवली, झाडून साफ केली. घरातून दोन्ही मडकी मागवली. बोटं झरझर चालत होती, आम्ही सगळे बघत होतो. तळाला कडक, वर वाळा, ठिकरी, निखारे. दोन हलके झुरके घेऊन त्याने हुक्का पेटवला. मग सदऱ्याच्या आत हात घालून पंच्याचं टोक काढलं, नळीचं तोंड पुसलं, नळी फिरवून तोंड आबाजींकडे केलं आणि कमरेत वाकून, डावा हात उजव्या कोपराला लावून ती पुढे धरली. आबाजींनी नळी घेतल्यावर तो पाठ न दाखवता तीन पावलं मागे सरला आणि ओट्याच्या खांबाशी उभा राहिला. नजर खाली, हात पुढे बांधलेले.

त्याची जागा रिकामी होती. तो तिथे जाऊन बसेल म्हणून सगळे वाट बघत होते. तो उभाच. त्याला भान नव्हतं. हातांनी काम केलं आणि बाकीचं शरीर त्यांच्यामागून जुन्या जागी जाऊन उभं राहिलं.

तरीही काही बिघडलं नव्हतं. उद्धवरावांनी झुरका घेतला, “वा!” म्हणाले. आबाजी खूश होऊन म्हणाले, “बीडकडची रीत दिसतीया. लई अदब हाय मानसात. आरं दत्तोबा, ये की, बस.” दत्तोबा दचकला, भानावर आला, कसनुसं हसला आणि पाऊल उचललं. एवढंच व्हायचं होतं. तो बसला असता, आबाजींनी शब्द दिला असता, आणि ओढ्याच्या कडेला पूर्वेकडे तोंड केलेलं घर उभं राहिलं असतं.

मी बोललो. “आबा, रीत कसली! सवय हाय त्याची. कारकून-बिरकून काय न्हवता ह्यो. देशमुखाच्या दारात हुक्का भरायला उभा ऱ्हायचा, बावीस वर्सं!” आणि मीच पहिल्यांदा हसलो.

बाकीचेही हसले. कुणी वाईट मनाने हसलं नाही, जेवण अंगावर आलेलं, हसायला निमित्त हवं होतं. दत्तोबाचं उचललेलं पाऊल होतं तिथेच खाली आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. त्याने फक्त पाहिलं, जसं काही मी खरंच हे बोललो का, याची खात्री करून घेत होता.

आबाजी चिडलेही नाहीत. खोटं का सांगितलंस, असंही विचारलं नाही. ते विचारलं असतं तर बरं झालं असतं, कारण ते बरोबरीच्या माणसाला विचारतात. ते आनंदले. “आरं मग आदी न्हाई का सांगायचं!” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज गेनूशी बोलतानाचा झाला. “आसला हात घरात आसताना आमी ह्या गेन्याच्या नादी लागलो. आसं कर, जागा-बिगा कशाला घेतोस? गोठ्याशेजारची खोली फुकट देतो. सकाळ-संध्याकाळ हुक्क्याचं बघ. आता जरा निखारं बदल बरं.”

दत्तोबाने निखारे बदलले. बैठक उठेपर्यंत तो खांबाशी उभा होता. नळी फिरत होती. आबाजींनी मला हाताने खुणावलं आणि मी सरकून उजवीकडच्या पहिल्या जागेवर बसलो. होय, बसलो. नळी थेट माझ्या हातात आली आणि मी ओढली. इतका सुरेख हुक्का त्याने पुन्हा कधी भरला नसेल.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत त्याने पडवी झाडून, सामान बांधून ठेवलं होतं. मी पाय ओढत पुढे आलो. “दत्तोबा, चेष्टा केली हो मी,” एवढंच म्हणालो. “व्हय,” तो म्हणाला, “चेष्टाच.” शालनच्या पाया पडून तो गेला. शालन माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. मीही ओट्यावर जाणं सोडलं, पण त्यात काय मोठेपणा? सोडायचं होतं तर त्या दिवशीच उठायला हवं होतं.

कारखान्यात त्याने शिफ्ट बदलून घेतली. मी फाटकाशी त्याची वाट बघायचो, पण तो दिसला की माझेच पाय वळायचे. असं करत पावसाळा गेला, दिवाळी गेली. तो पिंपळे गुरवला राहतो आणि बायकोला आणलंय, असं कुणीतरी सांगितलं. शेवटी एका रविवारी मनाचा हिय्या केला, सायकल काढली आणि गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. पाया पडेन म्हणत होतो.

एक भाड्याची खोली, कुडाच्या भिंती, दार पश्चिमेला. दत्तोबा दारात होता. मला बघून त्याचा चेहरा बदलला नाही. “या मालोजीराव,” म्हणाला आणि घोंगडी टाकली. आतून मंजुळाबाई आली, डोक्यावर पदर घेत. बारीक, उन्हाने रापलेली बाई. माझं नाव ऐकल्याबरोबर तिच्या तोंडावर असा आनंद पसरला की मी जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो.

“तुमीच व्हय ते!” ती म्हणाली. “ह्यांच्या तोंडी सारखं तुमचं नाव. म्हातारबाबाच्या पोरांनी जागा देऊ दिली न्हाई, त्याचं काय एवढं! जागा मिळंल कवातरी. पर जल्मभर उभ्या ऱ्हायलेल्या माणसाला तुमी चार मोठ्या माणसांत न्हेलं, आपल्या शेजारी बसवलं. तेवढं केलं कुणी आजवर? मी रोज दिवा लावताना तुमचं नाव घेते.”

मी दत्तोबाकडे पाहिलं. तो चुलीपुढे बसून चहाच्या आधणात गूळ टाकत होता. त्याने मान वर केली नाही. हे सगळं, आबाजींच्या पोरांची गोष्टसुद्धा, त्यानेच रचून तिला सांगितलं होतं. मी खरं बोललो तर त्याने तिला दिलेलं तेवढं एक सुखही मी काढून घेणार होतो. आणि बोललो नाही तर ते सुख मी माझ्या नावावर फुकट घेणार होतो.

“खरं ना दादा?” मंजुळाबाईने विचारलं. “शेजारी बसवायचा ना ह्यांना?”

“व्हय वहिनी,” मी म्हणालो. “शेजारीच बसायचो आमी.”

दत्तोबाने चहाचा कप पुसला, भरला आणि माझ्यापुढे ठेवला. मी तो प्यालो.